चाकांवरून जोत्यावर: शहरातल्या एका चिमुकल्या घराच्या मंजुरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा घराचा नकाशा तयार होता. रंगीत छापलेला, लॅमिनेट केलेला. मुलानं तो विकत घेतला होता, सुनेनं त्यात पडद्यांचे रंगसुद्धा ठरवले होते. ज्यांच्यासाठी घर बांधायचं त्या आई कोपऱ्यातल्या खुर्चीत शांत बसून होत्या. वय अडुसष्ट, शिक्षिका म्हणून निवृत्त. गुडघे कुरकुरत असल्यामुळे मोठ्या घराचा जिना त्यांना नकोसा झाला होता, आणि मुलाच्या संसारात चोवीस तास राहणंही. परसात एक छोटं, स्वतःच्या कुलपाचं घर असावं, एवढीच त्यांची मागणी.

प्लॉट शहरातला, मुलाच्या नावावर. पुढे मोठं घर, मागे लांबट परसू, त्यात एक जुनं झाड. परसाची जमीन मागच्या कुंपणाकडे उतरत जाते. हा उतार कोणाच्या लक्षात आला नव्हता, माझ्याही नाही. पुढे सगळं त्याच्यावरच अडलं.

ओळख पटू नये म्हणून शहराचं नाव गाळलं आहे. मापं मात्र तशीच ठेवली आहेत, त्यांच्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही.

अडचण

नकाशातलं घर ट्रेलरवरचं होतं. साडेआठ फूट रुंद, चोवीस फूट लांब, म्हणजे २०४ चौरस फूट. झोपायला वर पोटमाळा, चढायला अरुंद जिना. मुलाचा हिशेब सरळ होता: घराला चाकं असली की ते वाहन, आणि वाहनाला बांधकाम परवानगी लागत नाही.

अर्धा हिशेब बरोबर होता. घर वाहन ठरलं तर बांधकाम परवानगी खरंच लागत नाही. पण मग त्यात कायमचं राहताही येत नाही. त्या शहरात निवासी प्लॉटवर वाहन उभं करायला मुभा होती, वाहनात वर्षभर राहायला नव्हती. म्हणजे घर कायदेशीर आणि आतलं माणूस बेकायदेशीर.

अशा घराच्या बाबतीत शहर आधी विचारतं ते ‘ही वस्तू नक्की काय आहे?’ हे. वाहन, परसातली खोली की राहतं घर? यातला जो शब्द अर्जावर लिहाल, त्यावरून कोणता विभाग, कोणते नियम, कोणती तपासणी हे ठरतं. आमच्या मंडळींनी उत्तर न देताच नकाशा घेतला होता.

दुसरा गैरसमज नियमांच्या पुस्तकाबद्दल. इंटरनॅशनल कोड कौन्सिल ही बांधकामाचे नमुना नियम तयार करणारी अमेरिकेतली संस्था. तिच्या निवासी संहितेच्या २०१८ च्या आवृत्तीत ‘परिशिष्ट क्यू’ नावाचं प्रकरण पहिल्यांदा आलं. पोटमाळा सोडून ४०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे साधारण ३७ चौरस मीटरच्या घरांना त्यात काही सवलती आहेत. पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्याचं नाव बदललं, २०२१ मध्ये ‘एक्यू’ आणि २०२४ मध्ये ‘बीबी’. मुलानं ते वाचलं होतं आणि आता सगळं सोपं झालं असं गृहीत धरलं होतं. पण एखाद्या शहरानं किंवा राज्यानं परिशिष्ट वेगळं स्वीकारलं तरच ते तिथे लागू होतं. आमच्या शहरानं ते स्वीकारलं होतं, हे नशीब. आणि घर कसं बांधायचं एवढंच ते सांगतं. प्लॉटवर दुसरं घर चालेल का, कुंपणापासून किती आत, किती उंच, हे सगळं नियोजनाच्या नियमांत असतं. ती फाइल वेगळी आणि तिचं टेबलही वेगळं.

विचारात घेतलेले पर्याय

आम्ही चार वाटा मांडल्या.

पहिली, चाकांवरचंच घर ठेवून शहराकडे विशेष परवानगी मागायची. निकाल कधी लागेल ते कोणी सांगू शकत नव्हतं, आणि आईंना पुढचा पावसाळा नव्या घरात काढायचा होता.

दुसरी, गॅरेजचं घर करायचं. कागदावर ही सगळ्यात सोपी वाट, कारण इमारत आधीच उभी होती. पण गॅरेजची फरशी उघडल्यावर खाली ओल निघाली, छत बुटकं होतं, आणि खिडकी काढावी तर समोर शेजाऱ्यांची भिंत. आई आत जाऊन दोन मिनिटांत बाहेर आल्या. ‘इथे मी पुस्तकंसुद्धा ठेवणार नाही,’ म्हणाल्या. विषय संपला.

तिसरी वाट कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण खोलीत ती होतीच: परसातली खोली म्हणून परवानगी घ्यायची आणि नंतर गुपचूप राहायला जायचं. असे सल्ले देणारे सगळीकडे भेटतात. मी नकार दिला. तत्त्वाचा भाग होताच, पण व्यवहारही होता. खोलीला मलवाहिनीची जोडणी मिळत नाही, राहत्या घराचा विमा होत नाही, आणि शेजाऱ्याची एक तक्रार आली की अडुसष्टाव्या वर्षी सामान बाहेर काढायची पाळी येते.

चौथी वाट पूरक निवासाची. पक्का पाया घालून मुख्य घराच्या प्लॉटवर दुसरं, लहान, रीतसर घर. नियम सगळ्यात जास्त इथे, पण उत्तर हो किंवा नाही असं स्पष्ट मिळणार होतं. ही निवडली.

रुंदीचा निर्णय

पायावर बांधायचं ठरलं तरी नकाशा तोच राहिला. चाकं तेवढी खोडली आणि खाली जोता काढला. मीही पंधरा दिवस त्याच रेषांवर काम करत राहिलो, याची आज लाज वाटते.

फरक पडला तो चिकटपट्टीमुळे. मोठ्या घराच्या दिवाणखान्यातलं फर्निचर हलवून आम्ही फरशीवर घर खऱ्या मापात आखलं. साडेआठ फुटांतून दोन्ही भिंतींची जाडी वजा जाता आत साडेसात उरले. त्यात ओटा, कपाट, मोरी, जिना. मग आईंना त्यात ‘राहायला’ सांगितलं. त्या रिकाम्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या, वळल्या, न्हाणीघराच्या कल्पित दारातून बादली घेऊन आत गेल्या आणि थांबल्या. दार लावायला मागे सरकायला हवं, आणि मागे कमोड. बादली खाली ठेवल्याशिवाय दार लागत नव्हतं.

सूनबाई म्हणाल्या, ‘आई, बादली कशाला लागणार आहे तिथे?’

‘अगं, मला लागेल,’ आई म्हणाल्या. ‘आणि उद्या वॉकर लागला तर?’

तेव्हा कुठे मला विचारायचं सुचलं की हे साडेआठ फूट आले कुठून. ते रस्त्यावरून आले होते. विशेष परवाना न काढता जे ट्रेलर ओढून नेता येतात त्यांची ही नेहमीची कमाल रुंदी, आणि उंचीची मर्यादा साडेतेरा फूट. चाकं गेली तेव्हाच ही दोन्ही बंधनं गेली होती. आम्ही हौसेनं ती पाळत बसलो होतो.

घर अकरा फूट रुंद आणि बावीस फूट लांब केलं. २४२ चौरस फूट. न्हाणीघराचं दार सरकतं केलं. आईंचा पलंग खाली आला, पोटमाळ्याच्या पोटात. अडुसष्ट वर्षांच्या बाईंना रात्री जिना उतरून न्हाणीघरात जायला लावणारा नकाशा आम्ही सगळ्यांनी इतके दिवस मान डोलावत पाहिला होता.

जागेचा निर्णय

घर परसाच्या टोकाला, कुंपणाशी बांधायचं ठरलं होतं. मोठ्या घरापासून लांब, निवांत. अर्जपूर्व बैठकीत नियोजन विभागाच्या बाईंनी नकाशा पाहिला, सामासिक अंतरं, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, मोजली, मान डोलावली आणि जाता जाता विचारलं, ‘ड्रेनेजचा चेंबर किती खोल आहे?’

आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या घरालगतच्या चेंबरचं झाकण पहारीनं उचकटलं, काठी आडवी टाकली आणि टेप सोडली. पाइपाचा तळ जमिनीपासून ६२ सेंटीमीटर खाली. चेंबरपासून टोकाच्या जागेपर्यंत २३ मीटर. मलवाहिनीला साधारण ६० ला १ असा उतार धरला तर २३ मीटरमध्ये ३८ सेंटीमीटर जातात. म्हणजे नव्या घरापाशी पाइपाचा तळ चेंबरजवळच्या जमिनीच्या पातळीपासून फक्त २४ सेंटीमीटर खाली. आणि टोकाची जमीन तर त्या पातळीपेक्षा ३० सेंटीमीटर खाली होती. पाइप जमिनीच्या वर सहा सेंटीमीटर हवेत! उतार कमी करून १०० ला १ घेतला तरी पाइपाचा तळ जेमतेम नऊ सेंटीमीटर खाली जात होता. शहराला पाइपावर किमान ३० सेंटीमीटर माती हवी होती.

इथे खरा निर्णय घ्यावा लागला. जोता उंच करून भराव टाकता आला असता, पण मग दारापुढे पायऱ्या किंवा लांबलचक उतरण आली असती. पंप बसवता आला असता. खड्ड्यात मैला जमवून वर ढकलणारे असे पंप चांगले चालतात, पण वीज गेली की थांबतात, आणि बिघडले की ज्याच्या घरी बिघडले त्यालाच कळतं काय होतं ते. कंपोस्ट शौचालय मुलाला फार आवडलं होतं. मलवाहिनी उपलब्ध असलेल्या प्लॉटवर ते शहराला चालत नव्हतं.

आम्ही घरच पुढे ओढलं, मोठ्या घराच्या मागच्या कोपऱ्याजवळ. अंतर नऊ मीटर, जमीन सपाट. उतारात १५ सेंटीमीटर गेले, पाइपाचा तळ ४७ सेंटीमीटर खाली राहिला, आणि पाइपाची जाडी वजा करूनही वर ३५ च्या आसपास माती. बसलं.

पण एका बाजूला आता झाड होतं. त्या शहराच्या नियमानुसार खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येच्या वर्तुळात खोदाई चालत नाही. खोड ३५ सेंटीमीटरचं, म्हणून वर्तुळ ४.२ मीटरचं. त्याला सोडून अकरा फूट रुंदीचं घर ठेवलं तर दुसऱ्या बाजूच्या कुंपणापर्यंत चारच फूट उरत होते. नियोजनाला चार फूट चालत होते. बांधकाम संहितेत मात्र आग विझवणारे फवारे नसलेल्या घराची भिंत हद्दीपासून पाच फुटांच्या आत आली की ती एक तास आग थोपवणारी लागते, आणि तीन ते पाच फुटांच्या पट्ट्यात खिडक्यादारं भिंतीच्या पावपट क्षेत्रफळापेक्षा जास्त चालत नाहीत.

परत दहा फूट रुंदी करावी का? तसं केलं असतं तर भिंत पाच फुटांवर गेली असती आणि कटकट मिटली असती. अर्धा दिवस वाद झाला. शेवटी पुन्हा बादली आठवली आणि अकराच ठेवले. हद्दीकडची भिंत जाळरोधक केली आणि तिच्यात एकही खिडकी ठेवली नाही.

अर्ज आणि शेरे

अर्ज दाखल झाल्यावर पाच आठवड्यांनी चौदा शेऱ्यांचा कागद आला. बहुतेक किरकोळ होते, सही राहिली, उत्तर दिशेचा बाण नाही, असे. तीन मात्र सांगण्यासारखे आहेत.

जिन्याचा शेरा पाऊण इंचाच्या आतला होता. परिशिष्टात पोटमाळ्याचा जिना जास्त उभा ठेवायची सवलत आहे: पायरी सात ते बारा इंच उंच चालते. पण पायरी किती उंच असेल तर पाऊल ठेवायला किती जागा हवी याचं सूत्र ठरलेलं आहे. वीस इंचांतून उंचीच्या चार-तृतीयांश वजा करायचे. आमची पायरी दहा इंच उंच, म्हणून रुंदी ६.६७ इंच हवी. नकाशात सहा होती. पोटमाळ्याची जमीन ९० इंचांवर होती. नऊ इंचाची पायरी केली तर रुंदी आठ इंच, दहा टप्पे (शेवटचा थेट पोटमाळ्यावर), आणि जिना चार फुटांऐवजी सहा फूट लांब. हे दोन फूट कपाटानं दिले.

दुसरा शेरा छतातल्या खिडकीचा. पोटमाळ्यावर कोणी झोपणार असेल तर आगीच्या वेळी बाहेर पडायला तिथून वाट लागते. परिशिष्ट त्यासाठी छतातली उघडणारी खिडकी मान्य करतं, पण तिच्या उघडणाऱ्या भागाची खालची कड पोटमाळ्याच्या जमिनीपासून ४४ इंचांच्या आत हवी आणि मोकळी वाट संहितेत दिलेल्या मापाची, ५.७ चौरस फुटांची. आम्ही दोन बाय तीन फुटांची खिडकी दाखवली होती. सहा चौरस फूट झाले की! झाले, पण चौकटीबाहेरून. चौकट आणि बिजागरं वजा जाता माणूस जाईल एवढी जागा त्यात नव्हती.

इथे एक मोह होता. पोटमाळ्यावर ‘सामान’ असं लिहिलं असतं तर खिडकीचा प्रश्नच उरला नसता. मुलानं सुचवलंही. मी नातवाकडे पाहिलं. वय नऊ. घर झाल्यावर तो सुट्टीत कुठे झोपणार हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. नकाशावर ‘झोपण्याचा पोटमाळा’ असंच राहिलं आणि खिडकी मोठी आली.

तिसरा शेरा ओट्यावरच्या धुराड्याचा. त्याचा पाइप आम्ही नेमका जाळरोधक भिंतीतून काढला होता. अशा भिंतीला भोक पाडलं की ते कसं बुजवणार याचा वेगळा तपशील द्यावा लागतो. पाइप छतातून काढला. भिंत बदलल्यावर तिच्यावर काय काय टांगलंय ते परत पाहायचं राहून गेलं, एवढंच.

अग्निशमन विभागाची मला उगाच धास्ती होती. छाननी अधिकाऱ्यानं रस्त्यापासून नळी कशी येईल त्याची वळणं घेत रेघ काढली. मर्यादा १५० फुटांची, आमची रेघ ११८ भरली. पाच मिनिटांत काम झालं. फक्त नव्या घराचा क्रमांक रस्त्यावरून दिसेल असा लावा म्हणाले. परसातल्या घरात माणूस आहे हे बंबवाल्याला कळणार कसं?

शेजारी

शेजाऱ्यांना बातमी शहराच्या नोटिशीतून कळली. ही आमची चूक. त्यांनी हरकत नोंदवली: खिडक्या आमच्या न्हाणीघराकडे येतील. प्रत्यक्षात त्या बाजूला एकही खिडकी नव्हती, पण नोटिशीत फक्त ‘दुसरे निवासी बांधकाम’ एवढंच छापलं होतं. आई स्वतः नकाशा घेऊन गेल्या. तासाभरानं आल्या तेव्हा हरकत मागे घेण्याचं पत्र हातात होतं आणि शेजारच्या मुलीच्या गणिताच्या शिकवणीची वेळही ठरली होती. आधी गेल्या असत्या तर तीन आठवडे वाचले असते.

बांधकाम आणि भोगवटा

पहिल्या बैठकीपासून सातव्या महिन्यात मंजुरी मिळाली आणि पुढच्या चार महिन्यांत घर उभं राहिलं. त्यात सांगण्यासारखं फार नाही. पायाची तपासणी, सांगाड्याची, नळकामाची, विजेची, सगळ्या पहिल्याच फेरीत झाल्या.

मग घर तयार होऊन सहा आठवडे रिकामं राहिलं. कारण मी विजेचा भार वेळेत मोजला नव्हता. मोठ्या घराची जोडणी जुनी. त्यात छोट्या घराची विजेची शेगडी, गीझर आणि एसी मिळवले की बेरीज मंजूर भाराच्या वर जात होती. भार वाढवायचा अर्ज वीज कंपनीकडे, शहराकडे नव्हे, त्यामुळे चौदा शेऱ्यांत तो कुठेच नव्हता. वीज नाही म्हणून अखेरची तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घरात राहायची परवानगी, नाही. आई रोज संध्याकाळी जाऊन नव्या घराच्या पायरीवर बसत. आत जायला त्यांनी साफ नकार दिला. ‘कागद येऊ दे,’ म्हणायच्या.

परिणाम

आई आता वर्षभर तिथे राहतात. एकूण खर्चातला जवळजवळ तिसरा हिस्सा डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर गेला: पाया, मलवाहिनी, वीज, शुल्क, नकाशे. घर लहान केलं म्हणून हे लहान होत नाही. २४२ चौरस फुटांना एक चेंबर लागतो, ८०० लाही एकच. पहिल्या दिवशी ‘लहान घर म्हणजे लहान खर्च’ असं म्हणणारा मुलगा आता चौरस फुटामागचा भाव कोणाला सांगत नाही.

सरकतं दार छान चालतं. कपाट कमी पडतं, जिन्याला दिलेले दोन फूट अजून खटकतात. परसाचं टोक मोकळं राहिलं आणि तिथे आईंनी भाजी लावली आहे, ही न ठरवता मिळालेली गोष्ट.

वेगळं काय करता आलं असतं

चेंबरचं झाकण पहिल्याच दिवशी उघडायला हवं होतं. टेप, पहार आणि अर्धा तास. त्यावरून घराची जागा ठरली असती, जागेवरून भिंती, भिंतींवरून खिडक्या. आम्ही उलटे आलो, पडद्यांकडून पाइपाकडे.

‘हे काय समजलं जाईल?’ हा प्रश्न शहराला लेखी विचारून उत्तरही लेखी घ्यायला हवं होतं. मुलानं सुरुवातीला फोनवर विचारलं होतं. तिकडून ‘चाकांवर असेल तर परवानगी नको’ असं उत्तर आलं होतं. ते खोटं नव्हतं. त्यात राहता येईल का, हे त्यानं विचारलंच नव्हतं.

वीज कंपनीचा अर्ज शहराच्या अर्जाबरोबरच जायला हवा होता.

अकरा फुटांचं काय, यावर माझं मत अजून डळमळतं. दहा फूट घेतले असते तर भिंत साधी झाली असती, खर्च उतरला असता, आणि शेजाऱ्यांच्या बाजूला एखादी खिडकी देता आली असती. त्या बाजूनं सकाळचं ऊन येतं. आईंना मी हे बोलून दाखवलं. त्यांनी न्हाणीघराचं दार सरकवून बादली आत नेली, दार लावलं, आणि आतून म्हणाल्या, ‘ऊन मी बाहेर जाऊन घेते.’

एक गोष्ट मात्र राहिली आहे. हे घर मोठ्या घरापासून वेगळं विकता येत नाही, आणि भाड्यानं द्यायचं तर मालक प्लॉटवर राहत असला पाहिजे, अशी अट मंजुरीच्या पत्रात दुसऱ्या पानावर आहे. आईंना एक मुलगीही आहे, दुसऱ्या शहरात. घराचा निम्मा खर्च आईंच्या साठवणीतून झाला आणि जमीन मुलाच्या नावावर. पुढे हे घर कोणाचं, हा प्रश्न कुठल्याच टेबलावर कोणी विचारला नाही, मीही नाही. मागच्या महिन्यात आईंनी फोन करून एखाद्या चांगल्या वकिलाचा नंबर मागितला.